सरपण फोडावे मार्गशीर्षात : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमचे घर मनोरीच्या गावठाणात असून परसात तांब्याचा बंब आणि चूल अजून रोज वापरात आहे. यंदाच्या पावसात घरामागचा जुना पर्जन्यवृक्ष मुळांसकट उन्मळून पडला. शेजाऱ्यांनीही छाटलेल्या सुबाभळीच्या फांद्या घेऊन जाण्यास सांगितले आहे. डिसेंबर उजाडला तरी अंगावर शाल घ्यावी अशी थंडी नाही. तेव्हा हे फुकटचे सरपण आत्ताच तोडून ठेवावे, की थंडी पडल्यावर लागेल तसे तोडून जाळावे?
— एक वाचक, मनोरी

उत्तर : आत्ताच तोडावे आणि आत्ताच फोडावे, जाळण्याची घाई मात्र करू नये. हे लाकूड या थंडीसाठी नाही, येत्या आगोटीसाठी, म्हणजे पावसाच्या तोंडासाठी, आणि पुढच्या हिवाळ्यासाठी आहे, एवढे मनाशी पक्के केले की बाकीचे निर्णय सोपे होतात. माझे लहानपण वसईकडच्या वाडीत गेले. तिथे भात झोडून झाले, पेंढा रचून झाला, की मार्गशीर्षात कोयते-कुऱ्हाडी बाहेर निघत आणि मृग लागण्यापूर्वी पडवी सरपणाने भरलेली असे. थंडी वाजते म्हणून कुणी लाकूड तोडत नसे. हवा कोरडी झालेली असते, उन्हाचा ताप नसतो आणि पावसाला सहा महिने असतात, म्हणून तोडत. यंदासारखी बेताची थंडी या कामाला उत्तमच, कारण सकाळी दहापर्यंत दम न लागता करवत चालवता येते. शिवाय कडाक्याच्या थंडीसाठी साठा करण्याचे कारण मुंबईकराला क्वचितच पडते. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता आणि तो आकडा आजही नीचांक म्हणूनच सांगितला जातो. आपल्याला लाकूड लागते ते अंघोळीच्या पाण्याला, घरच्या कार्यातल्या चुलाणाला आणि भर पावसात, जेव्हा बाहेरची एकही काटकी पेट घेत नाही.

लागेल तसे तोडून जाळण्यातला तोटा आकड्यांतच पाहावा. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असते. असे एक किलो लाकूड चुलीत घातले, तर त्यातल्या अर्ध्या लिटर पाण्याची आधी वाफ व्हावी लागते आणि त्यातच सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला ४०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे पाऊण बादली पाण्याची ऊब त्या एका किलोमागे वाफेबरोबर निघून जाते. विस्तव पुरेसा तापत नसल्यामुळे लाकडातून निघणारे वायू अर्धवट जळतात, बंबाच्या नळीला आतून काळा चिकट थर धरतो, आणि फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत तो धूर रोज जातो. हे शेवटचे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

करवत लावण्यापूर्वी कागदाचे काम उरकावे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे उभे झाड, मग ते स्वतःच्या परसातले असो की वाळून खडखडीत झालेले असो, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. आपले झाड आपोआप पडलेले आहे. तरीही ते पडलेल्या स्थितीतच त्याची छायाचित्रे काढावीत आणि वॉर्ड ऑफिसातील उद्यान खात्याला लेखी कळवून पोच घ्यावी. शेजाऱ्यांनी सुबाभूळ परवानगी घेऊन छाटली आहे ना, हेही मोकळेपणाने विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष तोडण्याविषयी. आडवे पडलेले झाड निर्धोक वाटते, पण त्याच्या कित्येक फांद्या खोडाच्या भाराखाली धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात. वाकलेल्या फांदीची बाहेरची बाजू ताणलेली आणि आतली बाजू दाबलेली असते. ताणलेल्या बाजूने एकदम करवत चालवली, तर काप अर्ध्यावर येण्याआधीच फांदी उभी फाटते आणि कापणाऱ्याच्या तोंडावर उसळते. म्हणून आधी दाबलेल्या बाजूने जाडीच्या पाव हिश्शापर्यंत काप द्यावा, मग ताणलेल्या बाजूने सावकाश काम संपवावे, आणि उभे राहताना फांदी जिकडे उसळेल ती दिशा सोडून बाजूला उभे राहावे. बारीक फांद्यांपासून सुरुवात करून खोडाकडे यावे. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा आणखी एक धोका असतो : खोड कापून भार हलका झाला, की मातीने भरलेला मुळांचा गड्डा एकाएकी मागे कलंडून खड्ड्यात आदळतो. त्या खड्ड्याजवळ मूल किंवा जनावर नाही याची खात्री करूनच खोडाला हात घालावा. खरे तर इतक्या जुन्या वृक्षाचे खोड जाणत्या करवत्यांकडूनच कापून घ्यावे. त्याची मजुरी वाचवू नये. फांद्यांत विजेची तार अडकली असेल, तर काहीही न करता वीज कंपनीला आणि पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवावे.

पर्जन्यवृक्षाच्या लाकडाचे धागे सरळ नसतात, ते एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे हे लाकूड ओले आहे तोवरच फोडून घ्यावे. वाळल्यावर कुऱ्हाडीचे पाते त्यात रुतून बसते आणि काढताना दांडा मोडतो. फांद्यांचे दीड वीत लांबीचे ठोकळे करावेत. ठोकळा जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या खाली राहील अशा रुंद ओंडक्यावर उभा ठेवावा. घाव मधोमध घालू नये. कापलेल्या तोंडावर कडेकडून आत जाणारे बारीक तडे दिसतात. त्यातला एक धरून, कडेपासून दोन-तीन बोटे आत घाव घालावा, म्हणजे एकेक ढलपी सुटत जाते आणि ठोकळा चहूबाजूंनी लहान होत मध्यावर येतो. मधला गाभा हट्टी निघाला तर लोखंडी पाचर बसवून घणाने ठोकावी. गाठीचे ठोकळे फोडण्यात ताकद घालवू नये. ते तसेच वेगळे ठेवावेत, चुलाणात ते तासन्‌तास धुमसतात. सुबाभळीचे काम याच्या मानाने फार सोपे आहे. ती सरळ फुटते, लवकर वाळते आणि तिचे निखारेही चांगले पडतात. पाला कुणाच्या शेळ्यांना द्यावा. बंबासाठी मनगटाहून बारीक, वीतभर तुकडे वेगळे काढून ठेवावेत, कारण नळीत जाड फोड बसली की हवा कोंडते.

रचण्याच्या बाबतीत मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. एका डिसेंबरात फोडलेले सगळे सरपण घराच्या भिंतीला लागून थेट जमिनीवर रचले, आणि दव लागू नये म्हणून प्लास्टिकने चहूबाजूंनी गुंडाळले. मार्चमध्ये प्लास्टिक काढले तेव्हा आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते, खालच्या थरावर पांढरी बुरशी होती, आणि वाळवीची मातीची नळी लाकडांतून भिंतीवर व भिंतीवरून दाराच्या चौकटीत गेली होती. ती चौकट बदलावी लागली. तेव्हापासून खाली विटा आणि त्यांवर दोन आडवे वासे, भिंतीपासून हातभर अंतर, फोडींचा सालीचा भाग वर, आणि ताडपत्री फक्त माथ्यावर, असेच मी रचतो. बाजू उघड्या राहिल्याच पाहिजेत. या दिवसांत पहाटे जमिनीकडून कोरडा वारा येतो आणि दुपारी समुद्राकडून दमट. पहाटेचा वारा राशीतून आरपार जाईल अशी रास घालावी. राशीखाली उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस येते, म्हणून लाकूड नेहमी वरून काढावे आणि काठीने हलवल्याशिवाय फटीत हात घालू नये.

लाकूड वाळले की नाही, हे ओळखण्याची घरगुती रीत अशी : एका मध्यम फोडीवर खडूने खूण करावी आणि दर पंधरवड्याला ती वजनकाट्यावर ठेवून आकडा त्याच फोडीवर लिहावा. आरंभी वजन झपाट्याने उतरते, मग सावकाश, आणि सलग दोनदा तेच वजन भरले म्हणजे हवेत वाळायचे तेवढे ते वाळले. दोन फोडी एकमेकींवर आपटल्या, तर वाळलेल्या खणखणतात आणि ओल्या बद्द आवाज करतात. सुबाभळीचे बारीक तुकडे होळीच्या सुमारास जाळण्याजोगे होतील. पर्जन्यवृक्षाला मेपर्यंत हात लावू नये.

प्रश्न : साकीनाक्याला आमचा छोटा कारखाना आहे. माल ज्या लाकडी पॅलेटवर आणि खोक्यांतून येतो, ते लाकूड कामगार जळणासाठी मागतात. द्यावे का?
— एक वाचक, साकीनाका

उत्तर : पाहून द्यावे. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरे असतात. ‘एचटी’ असेल, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले आहे. ते कोरडे आणि स्वच्छ असेल तर जाळण्यास हरकत नाही. ‘एमबी’ असेल, तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते कुणालाही जळणासाठी देऊ नये. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, तेल किंवा रसायन सांडलेले लाकूड, ही सगळी नाकारावीत, कारण रंगात शिसे असू शकते आणि प्लायवूडच्या सरसातून जळताना घातक वायू सुटतात. कामगाराची खोली दहा बाय दहाची असते आणि तिथेच त्याची मुले झोपतात, हे देणाऱ्याने लक्षात ठेवावे. दिलेल्या फळ्यांतले खिळे आधी काढून घ्यावेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात छाटणीच्या फांद्या पडून आहेत. रविवारी रात्री मुलांसाठी त्यांची शेकोटी करावी, असे समितीचे मत आहे.
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : करू नये. उघड्यावर फांद्या-पाला जाळण्यास पालिकेची मनाई आहे, आणि त्या मनाईला सबळ कारण आहे. हिवाळ्यातल्या रात्री जमीन लवकर निवते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, तिच्यावर ऊबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि खाली झालेला धूर सकाळपर्यंत तिथेच राहतो. त्यात दोन-तीन आठवड्यांच्या ओलसर फांद्या म्हणजे ज्वाला कमी आणि धूरच फार. पहिल्या मजल्यावरच्या दम्याच्या रुग्णाला ती रात्र बसून काढावी लागेल. फांद्या बारीक तोडून झाडांच्या आळ्यांत पसराव्यात. एप्रिलमध्ये तेवढेच पाणी कमी लागेल. जाड लाकूड गावठाणातल्या बंबवाल्या घरांना द्यावे.

प्रश्न : राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत आणि गोराई खाडीकाठी वाळलेले लाकूड पुष्कळ पडलेले असते. नुसते वेचून आणले तर चालते का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. उद्यानाच्या हद्दीतली वाळकी काटकीही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येते, आणि पोकळ वाळल्या खोडांत पिंगळ्यासारखे पक्षी घरटी करतात. खाडीकाठचे तिवर, म्हणजे खारफुटी, एके काळी कोळीवाड्यांचे नेहमीचे सरपण होते, हे खरे. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून तिवरांच्या तोडीस मनाई केलेली आहे, आणि किनारा धरून ठेवणाऱ्या त्या झाडांची वाळकी फांदीही मी आणणार नाही. आपल्या ओळखीत कुणाची माडांची वाडी असेल, तर तिथे विचारावे. एक माड महिन्याला साधारण एक झावळी टाकतो. चार माडांच्या वर्षाला सुमारे ५० झावळ्या होतात, शिवाय पोया (फुलोऱ्यावरची वाळकी आवरणे), सोडणे (नारळाची साले) आणि करवंट्या वेगळ्या. बहुतेक वाडीवाले ते उचलून नेणाऱ्याचे आभारच मानतात. झावळीचा देठ वाळला की कोयत्याने वीत-वीत तोडावा आणि बंबाला लावावा. पाती आणि पोय पेटवणीसाठी ठेवावीत.