होडीला एकाच साक्षीदारावर सोडू नकोस

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत रोबो होडी उतरवतोयस, फार बरं वाटलं. पण तिचा सगळा भरवसा जीपीएसवर आहे, तिथे जरा थांब. तो सिग्नल उपग्रहांकडून, सुमारे 20,200 किलोमीटरवरून येतो, पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो. जवळून कोणी तसाच, थोडा जोरकस सिग्नल सोडला की रिसीव्हर मुकाट त्याच्यामागे जातो. 2013 साली टेक्सास विद्यापीठातले संशोधक टॉड हम्फ्रीज यांच्या चमूने भूमध्य समुद्रात, मालकाच्या संमतीने, 65 मीटरची यॉट अशीच वळवली. एकही अलार्म वाजला नाही.

फसवणारा हिसका देत नाही, हे नीट लक्षात ठेव. जीपीएसने दाखवलेली जागा एकदम पन्नास मीटर उडाली तर तुझा फिल्टर, म्हणजे चुकीची मापं गाळणारा प्रोग्राम, पकडेल. पण सेकंदाला काही सेंटिमीटर सरकत गेली, तर तो ती ओहोटीची ओढ समजून गिळेल. मीही पहिल्या वर्षी हेच चुकलो. म्हणून होकायंत्र आणि पंख्याचे फेरे यांवरून वेगळा हिशेब ठेव, आणि जीपीएसशी पडणारा फरक साठवत जा. कॅमेऱ्याला रत्नदुर्गावरचं दीपगृह ओळखायला शिकव. आपले खलाशी पिढ्यान् पिढ्या किनाऱ्यावरच्या खुणा धरूनच येतात.

जायरोही, म्हणजे होडीचं वळणं मोजणारा सेन्सर, आवाजाने बिघडवता येतो, त्याखाली फोम घाल.

खोटा सिग्नल हवेत मात्र कधीच सोडू नकोस. तो गुन्हा आहे, शिवाय बाहेर मच्छीमारांच्या बोटी असतात. सिम्युलेटरवर कर, आणि लॉग मला पाठव.