डी ड्राइव्ह गेला, आता मुदत तरी जाऊ देऊ नका

सोलापूरच्या अशोक चौकाकडच्या एका वाचकाचा मोठा मेसेज आलाय. टॉवेल-चादरीची जकार्ड डिझाइनं घरीच कॉम्प्युटरवर काढून कारखानदारांना देतात, एकट्याचं काम. सीपीयू हँग व्हायला लागला म्हणून गड्डा यात्रेच्या दिवसांत ओळखीच्या दुकानात विंडोज मारायला दिला. १६ जानेवारीला दिला, १९ ला परत मिळाला, पंधराशे रुपये रोख. घरी चालू करून बघतात तर डी ड्राइव्हच नाही, नुसता एक सी, ९३१ जीबी, जवळजवळ रिकामा. अकरा वर्षांची डिझाइनं आणि वारलेल्या आईचे फोटो त्या डी मधे होते. येत्या १९ जानेवारीला या गोष्टीला दोन वर्षं होतील. दुकानदार आधी म्हणाला रिकव्हरी करून देतो, मग पुण्याला पाठवू, मग गणपती झाल्यावर, मग दिवाळी झाल्यावर. आता विचारतायत की जॉब कार्डाच्या, म्हणजे मशीन घेताना दुकानाने दिलेल्या चिठ्ठीच्या, खाली छापलंय 'डेटाची जबाबदारी दुकानाची नाही', तर माझी केस होते का, आणि पोलिसात जाऊ का.

असे मेसेज मला सारखे येतात आणि येणारा प्रत्येकजण त्या छापील ओळीलाच घाबरलेला असतो. ती ओळ जरा बाजूला ठेवा. तुमचं सगळं अडलंय ते १९ जानेवारी या तारखेवर.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. कारण घडलं ते ज्या दिवशी मशीन हातात आलं आणि डी गायब दिसला त्या दिवशी, दुकानदाराने शेवटचं 'बघतो' म्हटलं त्या दिवशी नव्हे. नुसत्या बोलण्याने, फोनने, मेसेजने मुदत वाढत नाही, आणि इथंच लोक फसतात, समोरचा गोड बोलतोय तोवर कशाला भांडायचं म्हणून थांबतात आणि ज्या दिवशी तो 'जा काय करायचं ते कर' म्हणतो त्या दिवशी दोन वर्षं होऊन गेलेली असतात. तुम्ही तेवीस महिने थांबलात. ओळखीचा माणूस होता हे समजतं, पण पहिल्या महिन्यातच चार ओळी लेखी मागितल्या असत्या तर आज ही धावपळ करावी लागली नसती.

दोन वर्षं उलटली तर त्याच कलमात उशीर माफ करायची सोय आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि 'दुकानदार फिरवत होता' हे कारण चालेलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. दिवाणी दावा तीन वर्षांपर्यंत करता येईल, पण तिथं कोर्ट फी आहे आणि वेळ किती जाईल याचा भरवसा नाही. म्हणून डिसेंबर संपायच्या आत दाखल करा, सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात किंवा ऑनलाइन, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, एखादा कागद कमी पडला आणि त्रुटी निघाली की ती काढण्यात दिवस जातात, आणि तुमच्याकडे दिवसच नाहीयेत. फी नाही, कारण तुम्ही सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या कितीतरी आत आहे. वकिलाची नोटीस आधी पाठवलीच पाहिजे असंही नाही. पाठवायची तर आजच स्पीड पोस्टाने पाठवा, सात दिवस द्या, पुढं वाट बघू नका.

आता ती छापील ओळ. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे कराराच्या कायद्यातला निक्षेप (परत मिळण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू), कलम १५१ सांगतं की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी तरी घ्या. पुढच्या कलमात वेगळा करार असेल तर त्याचा विचार आहे, आणि दुकानदाराचा वकील त्यावरच बोट ठेवणार. माझं मत असं की डिस्क आपोआप मेली असती तर त्या ओळीला वजन आलं असतं, इथं डिस्क ठणठणीत आहे आणि कोणीतरी हाताने पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग, इथं तुमचा डी) डिलीट केलंय. शिवाय तुम्ही पाठवलेल्या फोटोत जॉब कार्डावर तुमची सहीच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही मेसेजमधे अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीय, की १६ तारखेला संध्याकाळी तुम्ही दुकानदाराला व्हॉट्सॲप केलं होतं, 'दादा डी ला हात लावू नका, सगळी डिझाइन त्यात आहेत', आणि त्याने उत्तरात 'हो' अर्थाचा अंगठ्याचा इमोजी पाठवलाय. अहो, ही तुमची निम्मी केस आहे! त्या एका मेसेजवरून त्याला आत काय आहे ते माहीत होतं हे दिसतं, आणि नुकसानभरपाई मागताना तेच लागतं. तो चॅट पुसू नका, फोन विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका. स्क्रीनशॉट जोडा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्रही जोडा. आयोगासमोर पुराव्याचे नियम तेवढे कडक नसतात, तरी जोडा.

हे झालं कसं असेल? बहुधा असं. डिस्कवर कुठलं पार्टिशन कुठं आहे याची नोंद ठेवायच्या दोन पद्धती, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची असते, नवीन विंडोज यूईएफआय मोडमधे (मशीन सुरू व्हायची नवी पद्धत) टाकायला गेलं की इन्स्टॉलर म्हणतो या डिस्कवर बसणार नाही, जीपीटी पाहिजे. मग घाईत असलेला पोरगा यादीतली सगळी पार्टिशनं एकेक करून डिलीट मारतो, सगळी जागा अनअलोकेटेड, म्हणजे मोकळी, होते, नेक्स्ट दाबलं की काम झालं. डेटा न उडवता बदलायचं एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल विंडोजमधेच २०१७ पासून आहे, आणि तेही नको तर आधी डी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घेणं हे साधं काम. ते केलं नाही हीच सेवेतली त्रुटी. तक्रारीत हे असंच साध्या भाषेत लिहा, कलमांची माळ लावू नका.

पण तुमचीही चूक सांगतो, कारण वाचणाऱ्या बाकीच्यांचीही तीच आहे. सी मधे विंडोज आणि डी मधे माझा माल, म्हणून तो सुरक्षित, असं सोलापुरात निम्मे लोक धरून चालतात. सी आणि डी एकाच डिस्कवर ओढलेल्या दोन रेघा आहेत, एकाच खोलीत पडदा लावल्यासारखं. खोली गेली की दोन्ही गेलं. अकरा वर्षांचं काम आणि दुसरी कॉपी कुठंच नाही, साधी बाहेरची हार्ड डिस्क नाही, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. दुकानदाराचा वकील आयोगात हेच विचारणार आणि त्यामुळे रक्कम थोडी कमी होऊ शकते.

त्याहून वाईट म्हणजे तोच सीपीयू तुम्ही आजपर्यंत वापरताय. पार्टिशन डिलीट झालं की हार्ड डिस्कवरचा डेटा लगेच पुसला जात नाही, फक्त कुठं काय आहे याची नोंद जाते, आणि नवीन फाइल ज्या जागेवर बसेल तिथला जुना डेटा कायमचा जातो. तुम्ही वर नवीन डिझाइनं ठेवत गेलात. तरी काहीतरी उरलं असेल. नवीन कामाची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या, मशीन बंद करा, डिस्क काढून पाकिटात घाला, वर तारीख लिहून सही करा. आणि कामासाठी दुसरी डिस्क बसवा. बंद करण्याआधी सी मधल्या 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या लपलेल्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडा, तो कधी तयार झाला ती तारीख दिसेल, साधारण तेव्हाच ते पार्टिशन नव्याने फॉरमॅट झालं. ती १६ ते १९ जानेवारीमधली निघाली तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. विंडोज इन्स्टॉल झाल्याच्या तारखेवर विसंबू नका, मधे मोठं अपडेट झालं असेल तर ती बदलते.

समोरून अजून एक मुद्दा येईल, की तुम्ही धंद्यासाठी मशीन वापरता म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठीचा वापर कायदा व्यापारी धरत नाही, म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात 'स्वयंरोजगारातून उपजीविका' हे शब्द आले पाहिजेत. नोकर ठेवून करत असाल तर गोष्ट थोडी अवघड होते, मला खरं काय ते सांगा. रक्कम किती मिळेल ते आत्ता सांगता येत नाही. डिझाइन पुन्हा काढायला किती दिवस गेले, कुठला कारखानदार ऑर्डर सोडून गेला, त्यांच्याकडून चार ओळींची पत्रं आणा, आकडा त्यावरच ठरेल. आईच्या फोटोंचा आकडा कोणी लावू शकत नाही, मानसिक त्रासापोटी मागायचं तेवढंच.

पंधराशेची पावती नाही म्हणता. बिल न देणं हीच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही लिहा, जॉब कार्ड तर आहेच.

पोलिसांत जाऊन आत्ता फारसं काही होणार नाही. आयटी कायद्यात डेटा नष्ट करण्यावर तरतूद आहे, पण गुन्हा म्हणायला अप्रामाणिक हेतू लागतो, इथं निष्काळजीपणा दिसतो. तिथं चकरा मारण्यात डिसेंबर जाईल.

दाखल झाल्यावर समोरच्याला उत्तराला तीस दिवस, फार तर अजून पंधरा. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, एकेकाचं प्रकरण दोनतीन वर्षं चालतं आणि याचा मला स्वतःलाच संताप येतो, पण दाखल केल्याचा शिक्का असेल तर तो उशीर तुमच्या अंगावर येत नाही.

आणि कालच दुकानदार म्हणाला ना, 'सीपीयू आणून टाका, या वेळी नक्की रिकव्हरी करतो'. देऊ नका. तीच डिस्क पुरावा आहे. रिकव्हरी करायचीच तर दुसऱ्या माणसाकडून, आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून, काम त्या इमेजवर, मूळ डिस्क पाकिटातच राहील. सोमवारी जॉब कार्डाची मूळ प्रत आणि तोच फोन घेऊन या.