गोव्यात नाताळची रोषणाई बघायला दोघंच जाणार असू तर कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरअखेर पुण्याहून दोघंच येताय. तुम्हाला नाताळची रोषणाई डोळे भरून बघायची आहे, नवऱ्याला गर्दी नको आहे, आणि तिकीट काढून आत जाता येईल असा एखादा लाइट शो आहे का, असं विचारलंय. माझं माहेर फोंड्याचं, सासर पणजीचं, आणि आम्ही नवरा-बायको दर नाताळात संध्याकाळी याचसाठी बाहेर पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तिकिटाचं मैदान शोधत बसू नका. गोव्याची रोषणाई एका जागी मांडलेली नसते, ती घराघरांवर असते. त्यामुळे ती पायी बघायची, आणि एका संध्याकाळी एकच वाडा, म्हणजे गावातली एकच वस्ती, धरायची. गाडीतून कळंगुट-बागाच्या बाजूला गेलात तर रोषणाईपेक्षा पुढच्या गाडीचे लाल दिवेच जास्त दिसतील. तुमच्या नवऱ्याला नको आहे ती गर्दी नेमकी तिथेच असते.

सुरुवात पणजीच्या चर्चपासून करा. डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. सहालाच म्युनिसिपल गार्डनजवळ येऊन थांबा. अंधार पूर्ण पडायच्या आधी, आभाळ गडद निळं असताना, टेकाडावरचं ते पांढरंशुभ्र चर्च आणि त्याच्या दुहेरी वळणांच्या पायऱ्या दिव्यांनी उजळलेल्या दिसतात. ही वेळ अर्ध्या तासाची असते. आभाळ काळं झालं की नुसते दिवे दिसतात, इमारत हरवते. म्हणून आधी जेवून मग रोषणाई बघू, असं ठरवू नका. या जागी 1541 साली छोटं कपेल, म्हणजे लहानसं प्रार्थनाघर, होतं. आजची वास्तू सतराव्या शतकातली. 8 डिसेंबरला तिथलं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, असतो, त्यामुळे नाताळ यायच्या आधीपासूनच हा परिसर सजलेला असतो.

तिथून चढाचा रस्ता धरून पलीकडे उतरलात की फोंतेन्हास ही पणजीची जुनी वस्ती लागते. आता घाई करू नका. पिवळ्या, निळ्या, विटकरी भिंती, लहान लहान बाल्कन्या, आणि जवळजवळ प्रत्येक दारावर नक्षत्र, म्हणजे चांदणीच्या आकाराचा नाताळचा कंदील. हल्ली प्लास्टिकची आणि एलईडीची नक्षत्रं पुष्कळ झाली आहेत, पण कागदाचं दिसलं की त्याच्याखाली थांबाच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पातळ रंगीत कागद, आत एक साधा बल्ब. नीट वर बघितलंत तर कामट्या जिथे दोऱ्याने बांधल्या आहेत त्या गाठींची सावली कागदावर पडलेली दिसते. एलईडीचा उजेड डोळ्यांत घुसतो, हा मात्र खाली उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पसरतो. मला विचाराल तर जोडीने फोटो काढायचा असेल तर तो इथेच काढावा.

आमच्याकडे तुळशीचं लग्न झालं, आकाशकंदील उतरला, की थोड्याच दिवसांत शेजारच्या ख्रिस्ती घरावर नक्षत्र चढतं. दिवाळीचा फराळ तिकडे जातो, नाताळात तिकडून ताट येतं, त्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल आणि नशीब असेल तर बेबिंकाची वडी. त्यामुळे मला ही रोषणाई कधीच परकी वाटली नाही. मी तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगते आहे, तेही म्हणूनच.

नक्षत्रांइतकेच गोठे बघा. येशूच्या जन्माचा देखावा घरापुढे, चर्चच्या आवारात, वाड्याच्या तिठ्यावर केलेला असतो. पेंढ्याचं छप्पर, वाळूची वाट, आरशाच्या तुकड्याचं तळं. काही घरांत आधीपासून डब्यात नाचणी रुजत घालतात आणि ते कोवळे हिरवे रोप गोठ्याभोवती शेत म्हणून मांडतात. 24 तारखेच्या आधी गेलात तर बहुतेक ठिकाणी गव्हाण रिकामी दिसेल. मूर्ती राहून गेलेली नाही, बाळ येशू 24च्या मध्यरात्री ठेवतात. जमलं तर एकच गोठा आधी आणि नंतर असा दोनदा बघा.

एक कळकळीची विनंती. फोंतेन्हासमध्ये लोक राहतात. कुणाच्या पायरीवर बसून, ओट्यावर चढून, खिडकीत डोकावून फोटो काढू नका. पर्यटकांच्या या वागण्याने तिथली माणसं खरोखर त्रासली आहेत. गोठा आवाराच्या आत असेल तर हाक मारून विचारा. बहुतेक जण आनंदाने आत बोलावतात, गोठा कुणी केला तेही सांगतात. निघताना "देव बरें करूं" म्हणा, कोकणीत आभार असेच मानतात.

दोघांनी जायचं तर आणखी एक सांगते. एकाने फोन खिशात ठेवावा. आमच्यात मी रंग बघते, माझा नवरा माळ कुठून कशी फिरवली आहे, वायर कुठे लपवली आहे हे बघतो. त्याने दाखवलं नसतं तर कितीतरी घरांची मेहनत माझ्या लक्षातच आली नसती. तुमच्या नवऱ्याला रोषणाईची हौस नसेल, पण या हातच्या कामात त्याचं मन रमेल असं मला वाटतं.

24च्या रात्री मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं असेल तर खुशाल जा, फक्त खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, मागे बसा, प्रसादाच्या रांगेत उभे राहू नका आणि मधेच उठून फोटो काढू नका. मडगावच्या होली स्पिरिट चर्चसमोरचं पटांगण आणि भोवतालची जुनी मोठी घरं या दिवसांत फार सुंदर दिसतात. दक्षिणेत उतरणार असाल तर तिथेच जा.

तारखा अजून तुमच्या हातात असतील तर माझं ठाम मत असं की 2 ते 6 जानेवारी या दिवसांत या. नववर्षाची झुंबड ओसरलेली असते, खोल्यांचे भाव खाली आलेले असतात, आणि 6 जानेवारीच्या, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत बरीच घरं नक्षत्रं उतरवत नाहीत. हे फेस्त रेइश मागूश, कासावली आणि चांदर इथे होतं. तीन मुलगे राजांच्या वेशात, डोक्यावर मुकुट घालून येतात. रेइश मागूशला जाण्यासाठी पणजीहून फेरीबोटीने बेती गाठा, पुढे वेरेंमार्गे रिक्षाने किंवा भाड्याच्या दुचाकीने. अंधार पडताना फेरीत कठड्याजवळची जागा धरा, मांडवीवरच्या पणजीचे सगळे दिवे तिथून एका नजरेत येतात. दुचाकी असेल तर शाल बरोबर घ्या, नदीकाठी गार वारा असतो, आणि परतीच्या फेरीची वेळ बेतीच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.