माग भाड्याचा, कापड कुणाचं?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची. वय २४. दिवसा एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब बघते आणि रात्री मोबाइलसाठी गेम बनवते. उभे-आडवे धागे ओढून नक्षी जुळवायची, असा कोड्यांचा खेळ आहे. दोन वर्षं युनिटी या गेम इंजिनावर काम करतेय, साठपैकी एक्केचाळीस लेव्हल झाल्यात. माझा मित्र म्हणतो, युनिटीचा भरवसा नाही, प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मागतील, तू गोडो या दुसऱ्या इंजिनावर जा. घरचे विचारतात, गेम येणार कधी? मी आत्ता इंजिन बदलू का?

उत्तर : नको, बदलू नकोस. हा गेम युनिटीवरच पूर्ण कर. मित्राची माहिती जुनी झाली आहे, पण त्याची भीती खोटी नाही. म्हणून काय घडलं ते आधी सांगते.

इतर वाचकांसाठी एक वाक्य : गेम इंजिन म्हणजे खेळाच्या खालची यंत्रणा. पडद्यावर चित्र उमटवणं, बोटाचा स्पर्श ओळखणं, आवाज वाजवणं, तोच गेम अँड्रॉइडवर आणि आयफोनवर चालवणं, ही सगळी कामं इंजिन करतं आणि आपण फक्त खेळ रचतो. युनिटी २००५ साली कोपनहेगनमधल्या तिघांनी आणलं. त्यांचा स्वतःचा गेम चालला नव्हता, पण तो बनवताना तयार झालेली साधनं मात्र लोकांना हवी होती. ज्याच्याकडे मोठा स्टुडिओ नाही त्यालाही गेम करता यावा, हा त्यांचा ध्यास होता. पोकेमॉन गो, अमंग अस, होलो नाइट हे सगळे युनिटीवर झाले. मीही तिथेच वाढले.

१२ सप्टेंबर २०२३ ला कंपनीने ‘रनटाइम फी’ जाहीर केली. १ जानेवारी २०२४ पासून, ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडले की पुढच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलला शुल्क. फुकटच्या पर्सनल परवान्यावर ही रेषा वर्षाला २ लाख डॉलर कमाई आणि एकूण २ लाख इन्स्टॉल अशी होती. अमेरिका, जपान, जर्मनीसारख्या देशांतल्या इन्स्टॉलला २० सेंट, आपल्यासारख्या देशांतल्या इन्स्टॉलला २ सेंट.

तू इचलकरंजीची आहेस, म्हणून मागाच्या भाषेत सांगते. माग भाड्याने घेतलास, भाडं वेळेवर देतेस. एक दिवस मालक म्हणतो, भाडं आहेच, शिवाय तुझं कापड जितक्या अंगांवर पहिल्यांदा चढेल तितक्यांचे पैसे मला द्यायचे. आणि जे कापड तू तीन वर्षांपूर्वी विणून विकलंस, ते यापुढे कुणी घातलं तर त्याचेही. किती जणांनी घातलं हे मोजणार कोण? तर तोही मालकच, आपल्या पद्धतीने.

आता हिशेब बघ, तुझं रोजचं काम आहे ते. जाहिरातींवर चालणारा फुकट गेम वर्षात २ लाख डॉलर मिळवतो, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण १ कोटी ६६ लाख रुपये. रेषा ओलांडल्यावर श्रीमंत देशांत दहा लाख नवे इन्स्टॉल झाले, तर २० सेंटच्या दराने शुल्क होतं २ लाख डॉलर. आलेले सगळे पैसे गेले. फुकट गेममध्ये एका खेळाडूमागे काही सेंट सुटले तरी आपण समाधान मानतो, तिथे २० सेंट कुठून आणायचे? खपाला कमाईपासून तोडलं, हा या योजनेतला मूळ दोष. विक्रीतला टक्का मागितला असता तर लोक कुरकुरले असते, पण समजून घेतलं असतं. अनरियल इंजिन गेमच्या १० लाख डॉलर कमाईनंतर ५ टक्के घेतं आणि त्याविरुद्ध कुणी रस्त्यावर उतरत नाही.

मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. २०१९ साली इम्प्रोबेबल नावाच्या कंपनीशी वाद झाला, तेव्हा युनिटीने शब्द दिला होता की तुम्ही ज्या आवृत्तीवर काम करताय तिच्याच अटी तुम्हाला लागू राहतील, आम्ही पुढे अटी बदलल्या तरी. २०२३ मध्ये तो शब्द अटींमधून निघून गेलेला आढळला. शुल्क मागे घेता येतं, पण दिलेला शब्द असा गुपचूप उचलला की पुढच्या शब्दाला वजन राहत नाही.

त्यानंतर माघार सुरू झाली. २२ सप्टेंबरला पर्सनलवरचं शुल्क गेलं. मोठ्या स्टुडिओंसाठीही इन्स्टॉलचं शुल्क किंवा कमाईचे २.५ टक्के, यांतलं जे कमी ते, आणि तेही फक्त पुढच्या आवृत्तीपासून. आवृत्तीला बांधलेल्या अटींचा शब्द पुन्हा देण्यात आला. ९ ऑक्टोबरला मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रिक्किटिएलो पायउतार झाले. आणि १२ सप्टेंबर २०२४ ला, बरोबर वर्षाने, नवे प्रमुख मॅथ्यू ब्रॉमबर्ग यांनी रनटाइम फी पूर्ण रद्द केली. त्याऐवजी विकतच्या प्रो परवान्याचा दर ८ टक्क्यांनी वाढवून १ जानेवारी २०२५ पासून माणशी वर्षाला २,२०० डॉलर केला. फुकटच्या पर्सनलसाठी वर्षाच्या कमाईची मर्यादा १ लाखावरून २ लाख डॉलर केली आणि युनिटी ६ पासून सुरुवातीचा त्यांचा लोगो दाखवायची सक्तीही काढली. म्हणजे तुझ्या मित्राला ज्या शुल्काची धास्ती आहे ते आज अस्तित्वात नाही, आणि असतं तरी ती रेषा तुझ्यापासून बरीच दूर आहे.

तरीही मी ‘निर्धास्त राहा’ म्हणणार नाही, याला कारण आहे. युनिटीच्या कितीतरी आधी, मी या धंद्यात नवीन असताना, आम्ही तिघींनी कोथरूडच्या एका खोलीत मुलांसाठी अंकलिपीचा खेळ केला. एका परदेशी कंपनीचं साधन होतं, नाव सांगत नाही. मैत्रिणीने प्रत्येक अक्षराचं चित्र हाताने काढलं होतं. कमळाला पाकळ्या किती यावर आम्ही एक संध्याकाळ वाद घातला होता. पुढे कंपनीने ते साधन बंद केलं आणि त्याचा परवाना तपासणारा सर्व्हरही. साधन उघडायचं तर आधी सर्व्हरला विचारायचं आणि सर्व्हर तर नाही! आमच्या फायली आमच्याच संगणकावर होत्या आणि आम्हाला उघडता येत नव्हत्या. मैत्रिणीने मूळ चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती, तेवढी वाचली. बाकी खेळ गेला.

म्हणून तुला सांगते. तुझ्या एक्केचाळीस लेव्हल युनिटीच्या सीनमध्ये हाताने मांडलेल्या असतील, तर त्या आधी बाहेर काढ. कुठला धागा कुठून कुठे जातो, एवढंच तर असतं एका लेव्हलमध्ये. ते जेसन, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिही आणि गेमला तिथून वाचू दे. नक्षी जुळली की नाही हे तपासणारा सी शार्प भाषेतला कोड मोनोबिहेवियर या युनिटीच्या साच्याबाहेर, साध्या क्लासमध्ये ठेव. त्यात युनिटीचं नावसुद्धा येता कामा नये. हे केलंस की उद्या कुठेही जायचं झालं तरी गेमचा जीव तुझ्या हातात राहील आणि फक्त कपडे बदलावे लागतील. चित्रं आणि आवाज मूळ स्वरूपात वेगळे जप. युनिटीची आवृत्ती नेमकी नोंदव, मध्येच वरच्या आवृत्तीवर जाऊ नकोस आणि आजच्या अटींची पीडीएफ तारखेसकट ठेवून दे. हे काम आठवडाभराचं आहे. इंजिन बदलायचं म्हटलंस तर माझ्या अंदाजाने सहा महिने जातील, आणि रात्रीच्या दोन तासांत काम करणाऱ्या मुलीचे सहा महिने मला फार मोलाचे वाटतात.

मित्र म्हणेल, स्ले द स्पायर हा गेम बनवणाऱ्या मेगा क्रिटने दोन वर्षांहून अधिक काम युनिटीवर झालेलं असताना पुढचा भाग गोडोवर नेला की. नेला, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण पहिल्या गेमच्या यशामुळे त्यांना थांबणं परवडलं. तुला परवडणार नाही. हा गेम प्ले स्टोअरवर येऊ दे, मग पुढच्या खेळाची पहिली छोटी प्रतिकृती गोडोवर करून बघ. गोडोचा कोड कुणाच्या मालकीत अडकलेला नाही. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी तो २०१४ मध्ये एमआयटी या मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केला. दिलेला परवाना परत घेता येत नाही. टेरारिया हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिकने २०२३ च्या त्या सप्टेंबरातच गोडोला १ लाख डॉलर दिले, ते याच भावनेतून. उणिवाही आहेत. गोडो ४ मध्ये सी शार्पचा गेम वेबसाठी काढता येत नाही, आणि प्लेस्टेशन-निन्टेंडोवर जायला तिसऱ्या कंपनीची मदत लागते. तुला मोबाइलशीच काम आहे, त्यामुळे ते आड येणार नाही.

प्रश्न : मी नाशिकला शाळेत शिक्षक आहे. मुलगा बारावीनंतर गेम डिझाइनच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेला, तिथे सगळं युनिटीवर शिकवतात. आता ऐकतो की ही कंपनी डबघाईला आली, माणसं काढली. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून फी भरली आहे. वाया गेली का?

उत्तर : सर, नाही गेली. जानेवारी २०२४ मध्ये युनिटीने सुमारे १,८०० माणसं कमी करायचं ठरवलं, म्हणजे चारातला एक माणूस. ती बातमी खरी आहे. पण कंपनी उद्या दार बंद करेल अशी स्थिती नाही. तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग इंजिनातून येतच नाही, तो गेममधल्या जाहिरातींच्या व्यवसायातून येतो. दुखणंही तिथूनच सुरू झालं, असं माझं मत आहे. २०२० मध्ये शेअर बाजारात उतरल्यावर कंपनीने भराभर खरेदी केली. २०२१ मध्ये वेटा डिजिटलची चित्रपटांसाठीची साधनं १६२.५ कोटी डॉलरला, २०२२ मध्ये आयर्नसोर्स ही जाहिरात कंपनी ४४० कोटी डॉलरच्या व्यवहारात. त्या काळात तोटा काही थांबला नाही. मग इंजिन वापरणाऱ्यांकडून तो भरून काढायचा प्रयत्न झाला. यात इंजिनाचे कारागीर कमी पडले नव्हते, आणि काढून टाकलेल्यांत तेही होते, याचं मला वाईट वाटतं.

मुलाबद्दल. तो सदिश, मॅट्रिक्स, सी शार्प, खेळाचा तोल कसा साधायचा, चार जणांनी एकाच प्रकल्पावर एकमेकांचं काम न मोडता कसं काम करायचं, हे शिकत असेल तर त्यातलं सगळं दुसऱ्या इंजिनावर चालतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ हा गेम अनरियलवर केला. तिथे नोकरी मागायला गेलेल्या मुलाला नुसती युनिटीची बटणं पाठ असून भागणार नाही. म्हणून सुट्टीत घरी आला की त्याला एकच विचारा : युनिटीतला शेवटचा गेम दुसऱ्या कुठल्याही इंजिनात पंधरा दिवसांत पुन्हा उभा करशील का? ‘हो’ म्हणाला तर फी सत्कारणी लागली. बावरला तर संस्थेत जाऊन विचारा की एका सत्रात तरी दुसरं इंजिन का नाही. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : कणकवली. मी मुलांसाठी किल्ल्यांवर गेम करतोय, सिंधुदुर्गापासून सुरुवात केली आहे. युनिटीत ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी क च्या नंतर उमटते आणि ल्ल तुटून पाय मोडलेला ल दिसतो. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. युनिटीत वर्षानुवर्षं वापरला जाणारा टेक्स्टमेश प्रो हा मजकूर उमटवणारा भाग देवनागरीची अक्षरं आलेल्या क्रमानेच ठेवतो. ‘कि’ मध्ये लिहिताना वेलांटी आधी येते, पण संगणकात क आधी साठवलेला असतो. ती अदलाबदल आणि जोडाक्षरांची घडण करायला वेगळी यंत्रणा लागते. कित्येक मराठी मुलांनी यामुळे प्रत्येक शब्दाचं चित्र करून चिकटवलं आहे, मीही केलंय. इतकी वर्षं ही उणीव तशीच राहिली, हे मला शुल्काइतकंच जिव्हारी लागतं.

युनिटी ६ मध्ये बटणं-मजकूर मांडायच्या यूआय टूलकिटसोबत अॅडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर ही सोय आली आहे, ती चालू करून बघा. गोडो ४ मध्ये हार्फबझ हे अक्षरजुळणीचं खुलं साधन आतच आहे. मी पहिल्यांदा गोडो उघडलं तेव्हा लेबलमध्ये ‘क्षितिज’, ‘राष्ट्र’ आणि ‘कार्तिकी’ लिहून पाहिलं. तिन्ही शब्द बरोबर उमटले. मी ते पडदाचित्र अंकलिपीवाल्या मैत्रिणीला पाठवलं आणि तिने लगेच फोन केला.

तुमचा गेम सुरुवातीलाच आहे आणि त्यात मजकूर भरपूर असणार, म्हणून तुम्हाला माझं उत्तर इचलकरंजीच्या मुलीपेक्षा वेगळं आहे. तुम्ही गोडोवर जा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फाँट घ्या, दोन्ही मोफत आहेत, आणि सिंधुदुर्गाच्या तटाची पहिली फेरी मराठीत नीट वाचता येते का ते आधी बघा.