४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का? तिचे गुणधर्म कोणते?

नाही. ६४१ × ६७००४१७. हे दोन्ही अवयव मूळ आहेत, म्हणजे विभाजक एकूण चारच. त्यांची बेरीज वगैरे तुमची तुम्ही करा, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. याच संख्येवरून एका सहकाऱ्याशी माझं वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही. त्याने मूळ संख्या ओळखणारं फंक्शन लिहिलं होतं: दिलेल्या संख्येतून १ वजा करायचा, २ चा तेवढा घात काढायचा, त्याला मूळच्या संख्येने भागायचं, बाकी १ आली की शिक्का मारायचा. मी म्हटलं, याला ४२९४९६७२९७ घाल. फंक्शन छातीठोकपणे म्हणालं, मूळ!

कोड बरोबरच होता, पद्धतच लंगडी. ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. म्हणून तिने भागल्यावर २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), ६४व्याची १. आता संख्येतून १ वजा केला की उरतो २ चा ३२वा घात, आणि तो ६४ च्या पटीतच असतो. पास होणारच ती! २ ऐवजी ३ घेतला असता तर तिथेच सापडली असती.

मी कागदावर ६४१ ने भागून दाखवलं. तर सगळ्यांसमोर हा म्हणतो, "तुला ते पाठ होतं. नाहीतर ६४१ पर्यंत कोण कशाला पोचतंय?"

कोण पोचतंय? गणितज्ञ ऑयलर पोचला, १७३२ मध्ये. ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही माळ (२ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून होणारी) पुढेही मूळच राहणार असं त्याच्या आधीच्या फर्मा या गणितज्ञाचं मत होतं. ऑयलरने पुढचाच मणी, म्हणजे हीच संख्या, फोडला. आणि त्यासाठी ६४१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घासत बसावं लागत नाही. या संख्येला भागणाऱ्या कुठल्याही मूळ संख्येला ६४ ने भागलं की बाकी १ च राहते. मग ६५, १२९, १९३ अशी यादी करा आणि त्यातल्या मूळ तेवढ्या ठेवा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य. याला पाठांतर म्हणायचं?

एकही विभाजक न शोधता ती संयुक्त (म्हणजे मूळ नसलेली) आहे हे दाखवायचं असेल तर तेही होतं. ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे सरळच आहे. पण ६२२६४ आणि २०४४९ यांच्या वर्गांची बेरीजही नेमकी तेवढीच येते, करून बघा. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत अशी दोन तऱ्हांनी कधीच मांडता येत नाही. हे मला त्या दिवशी सुचलं असतं तर त्याचं तोंड तिथेच बंद झालं असतं.

तेव्हा प्रोग्रॅमसाठी विचारत असाल तर एकट्या २ च्या चाचणीवर विसंबू नका, मग समोरचा कितीही ज्येष्ठ असो. चाचणी टाकाऊ नाही हं; तीत नापास झालेली संख्या नक्की संयुक्त असते, पास झालेलीची खात्री नाही एवढंच. आणि हो, ३२ बिटच्या पूर्णांकात ही संख्या मावत नाही. चिन्हरहित (unsigned) प्रकारात घातलीत तर नुसता १ उरेल आणि तुम्ही भलत्याच संख्येची परीक्षा घेत बसाल.