डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत, पण नर्सिंगवाले तो कुठे धरतात ते आधी विचारा

तुम्ही लिहिलंय की नर्सिंगला अर्ज करायचाय, पण गरोदरपणात सातव्या महिन्यात बेड रेस्ट सांगितल्यामुळे फिजिऑलॉजी अर्ध्यात सोडावं लागलं, स्टॅटिस्टिक्सचा एक डब्ल्यू (विथड्रॉअल, म्हणजे विषय मध्येच सोडल्याचा शेरा) आधीपासून आहेच, आणि कॉलेजच्या कौन्सेलिंगमध्ये सांगितलं की जीपीएला, म्हणजे ग्रेडच्या सरासरीला, धक्का लागत नाही, काळजी करू नका. हे शेवटचं वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण मलाही कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) हेच ऐकवलं होतं.

जीपीएबद्दल ते म्हणतात ते खरं आहे. पण इथल्या बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत नर्सिंगच्या जागा नुसत्या जीपीएवर भरत नाहीत. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचं मुख्य ऑफिस, म्हणजे चॅन्सेलर ऑफिस, त्याचं जे जुनं सूत्र अनेक ठिकाणी वापरतात, त्यात चार गोष्टी येतात: एकूण जीपीए, इंग्लिशचा जीपीए, कोअर बायोलॉजीचा म्हणजे अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजीचा जीपीए, आणि हे तीन विषय किती वेळा रिपीट केले ते. या चौथ्या रकान्यात कित्येक कॉलेजं डब्ल्यूसुद्धा रिपीट म्हणून मोजतात.

मायक्रोबायोलॉजीत माझा सी येईल असं दिसत होतं. "सी पेक्षा डब्ल्यू बरा, पुन्हा घेऊन ए मिळव" हा सल्ला मला कौन्सेलिंगच्या ऑफिसात मिळाला, आणि मी नर्सिंगला जाणार आहे हे त्यांच्या समोरच्या फायलीत लिहिलेलं होतं. पुढच्या वेळी ए मिळालाही. पण अर्जात तो विषय रिपीट म्हणून मोजला गेला, गुण कटऑफच्या खाली गेले आणि वर्ष गेलं. नकाराचं पत्र घेऊन परत तिथे गेले तर उत्तर मिळालं, "नर्सिंगचे निकष आम्ही पाहत नाही." मग विषय सोडायचा सल्ला कशाच्या आधारावर दिलात? याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. पहिल्याच दिवशी "हे नर्सिंग डिपार्टमेंटला विचार" एवढं बोलले असते तरी पुरे होतं. नवऱ्याच्या पगारावर, लहान मूल सांभाळून शिकणाऱ्या बाईचं एक वर्ष म्हणजे काय असतं, याची तिथे कुणाला कल्पना असेल असं मला वाटत नाही.

तुमची गोष्ट माझ्यापेक्षा बरी आहे, कारण तुमच्याकडे कागदोपत्री दाखवता येईल असं कारण आहे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत ईडब्ल्यू, म्हणजे एक्स्क्यूज्ड विथड्रॉअल (कारण मान्य करून दिलेला डब्ल्यू) असतो. २०२० मध्ये कोविडच्या वेळी तो सर्रास दिला गेला, पण तो फक्त कोविडपुरता नाही. आजारपणासारखी, आपल्या हातात नसलेली कारणं त्यात बसतात. डॉक्टरांचं पत्र जोडून अ‍ॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्स ऑफिसकडे अर्ज करा. देणं न देणं त्यांच्या हातात, पण मागितल्याशिवाय कुणी आपणहून देणार नाही. याचा एक पक्का फायदा आहे. इथे एक विषय साधारणपणे तीनदाच घेता येतो आणि साधा डब्ल्यू त्यातली एक संधी खातो. ईडब्ल्यू खात नाही.

स्टॅटिस्टिक्सच्या डब्ल्यूचं मनावर घेऊ नका. कोअर बायोलॉजीबाहेरचा एखादा डब्ल्यू कुणी फारसा पाहत नाही, असं माझं मत. त्यावर स्पष्टीकरणाचं पत्र मागितलं तरच द्या, आणि दोन-तीन ओळींत संपवा.

जुन्या कॉलेजचं नाव अर्जात गाळलं तर चालेल का, असंही विचारलंय. अजिबात नको. नर्सिंगकॅसमधून (अनेक नर्सिंग कॉलेजांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जातून) अर्ज करणार असाल तर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, द्यावंच लागतं, डब्ल्यूसकट. शिवाय कॉलेजने रिपीटनंतर जुनी ग्रेड हिशेबातून काढली असली, तरी नर्सिंगकॅसच्या जीपीएत सगळ्या ग्रेड धरल्या जातात. लपवलेलं सापडलं तर जीपीए कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

ओघात आलं म्हणून: फायनॅन्शियल एड घेत असाल तर डब्ल्यू तिथेही मोजतात, घेतलेलं पण पूर्ण न केलेलं युनिट म्हणून. आणि हे वाचणाऱ्या एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावरच्या मुलींनी डीएसओच्या (कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) परवानगीशिवाय बारा युनिटच्या खाली जाऊ नये, तिथे प्रश्न थेट व्हिसा स्टेटसचा येतो.

मी कौन्सेलर नाही, अनुभव फक्त कॅलिफोर्नियाचा आहे; न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये वेगळं असू शकतं, आणि शेजारच्या दोन कॉलेजांतही निकष जुळत नाहीत. म्हणून जिथे जिथे अर्ज करणार त्या प्रत्येक नर्सिंग डिपार्टमेंटला ईमेल करा, फोन नको. एकच विचारा: कोअर बायोलॉजीतला डब्ल्यू आणि ईडब्ल्यू तुम्ही रिपीट म्हणून धरता का? लेखी उत्तर जपून ठेवा, आणि ते हातात येईपर्यंत फिजिऑलॉजीला पुन्हा नाव घालू नका.