टेरोसॉर ‘फडफडून’ उठत नाही

प्रश्न असा आला आहे: टेरोसॉर, म्हणजे डायनासोरच्या काळातला उडणारा सरीसृप, जमिनीवरून हवेत जायचा, त्या क्रियेला उड्डाण म्हणावं, झेप, भरारी की उसळी? आणि नावातला ‘टेरो’ म्हणजे काय?

‘उडत्या डायनासोरने पंख फडफडवले आणि तो आकाशात गेला’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. टेरोसॉर डायनासोर नव्हेत, त्यांचे भाऊबंद. फडफडीचं पुढे सांगतो.

आधी ‘टेरो’. ग्रीक ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. काहीजण त्याचं नातं आपल्या ‘पंख’शी लावतात. सपशेल चूक! ‘पंख’ आला ‘पक्ष’वरून. प्टेरॉनचं खरं भावंड संस्कृत ‘पत्र’. त्याचाही मूळ अर्थ पीस, पंख. पान आणि चिठ्ठी नंतरचे. धातू ‘पत्’, म्हणजे पडणं आणि उडणंही. म्हणून पक्षी ‘पतत्री’. याच मुळातून लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे पीस, त्यातून ‘पेन’; तेव्हा पेन आणि पत्र ही एकाच घरातली. हेलिकॉप्टरची फोडसुद्धा ‘हेलिको’ अधिक ‘प्टर’ अशीच. कर्णपर्वातल्या हंस-कावळ्याच्या गोष्टीत कावळा १०१ उड्डाणांची बढाई मारतो. तिथे उड्डाणाला शब्द आहे ‘पात’. त्याने मोजलेल्या प्रकारांत एक ‘उड्डीन’, म्हणजे वर जाणारं. संस्कृतात टेक-ऑफला याहून नेमका शब्द मला दिसत नाही. ‘उड्डाण’ तर मुंबई-दिल्ली अख्ख्या प्रवासालाही चालतं.

आता फडफड. टेक्सासमध्ये १९७१ साली सापडलेल्या क्वेत्झलकोआटलस या अजस्र टेरोसॉरच्या पंखांचा पसारा १० मीटरच्या घरात, वजन बहुधा २०० किलोच्या वर. जमिनीवर उभं राहून पाच मीटरचा एकेक पंख खाली मारायला जागाच नसते. जीवाश्मतज्ज्ञ मायकेल हबीब यांनी २००८ मध्ये मांडलेला क्रम असा: पंख मिटलेले, पंखाचा कातडी पडदा ज्यावर ताणला जातो ते हाताचं चौथं लांब बोट मागे दुमडलेलं, चारही पाय टेकलेले. अंग खाली दबतं. आधी मागचे पाय रेटा देतात, भार पुढे हातांवर येतो, मग हात जमीन ढकलतात. तालमीत जोर काढताना मध्येच टाळी वाजवणारा पैलवान हेच करतो. हात सुटल्यावर बोट उलगडतं, पडदा ताणला जातो आणि पंखाचा पहिला फटका बसतो. पुरावा हाडांत आहे: मोठ्या टेरोसॉरचं दंडाचं हाड मांडीच्या हाडापेक्षा कितीतरी मजबूत. पक्षी पायांनी उठतात, टेरोसॉर उडण्याच्याच स्नायूंनी उठायचे. रक्तपिपासू वटवाघूळ आजही हातांच्याच बळावर जमीन सोडतं.

जीवाश्मतज्ज्ञ केव्हिन पॅडियन प्रभृतींनी २०२१ मध्ये नुसत्या मागच्या पायांची उडी पुढे केली. मला ती पटत नाही. उडी पायांचीच असेल, तर दंडाचं हाड इतकं भक्कम कशाला?

म्हणून शब्द ‘उसळी’, तीही हातांवरची. ‘झेप’ चालेल. ‘भरारी’ मात्र उंच गेल्यावरची. जमीन सोडताना ती नको.